पेणजवळ पुस्तकांचं गोडाऊन: पावसाळ्यात दारं उघडी ठेवायची की बंद?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पेणजवळ रस्त्याला लागून स्वतःची जागा आहे. तिथे ६० बाय १०० फुटांची लोखंडी शेड उभारायची आणि पुण्यातली भाड्याची जागा सोडायची. आत अडीच लाख पुस्तकं, साधारण ३०० शीर्षकं, शिवाय छपाईचा ४० टन कागद रिममध्ये. ठेकेदाराने चारी भिंतींना जाळीच्या झडपा, छपरावर टर्बो व्हेंटिलेटर (वाऱ्याने फिरून आतली हवा बाहेर ओढणारे पंखे) आणि उजेडासाठी मधेमधे पारदर्शक पत्रे सुचवलेत, कारण 'हवा खेळती राहिली की बुरशी धरत नाही'. हे पुरेल का, एसी लागेल का, आणि स्प्रिंकलर बसवले तर ते चुकून सुटून पुस्तकं भिजवतील का, असं तुम्ही विचारलंय.

गेली २६ वर्षं मी छापखान्यांची आणि प्रकाशकांची गोडाऊनं आखतोय, त्यातली बरीचशी घाटाखाली. ठेकेदाराचा सल्ला कांद्याच्या चाळीसाठी योग्य आहे. कागदासाठी, तेही कोकणात, तो घातक आहे. माझ्या सुरुवातीच्या कामांत मीही एका प्रकाशकाला अशाच झडपा लावून दिल्या होत्या. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. जाऊन बघतो तर छपरातून एक थेंब गळलेला नव्हता, जमीन कोरडी होती, आणि तरी वरच्या थप्पीतल्या एकूण एक पुस्तकाचं मुखपृष्ठ चोच उघडल्यासारखं वर उचललं गेलेलं. कारण साधं होतं. मुखपृष्ठाच्या बाहेरच्या बाजूला लॅमिनेशनची फिल्म असते, ती पाणी घेत नाही. आतली कागदाची बाजू मात्र हवेतली ओल पिऊन फुगते. एक बाजू वाढली, दुसरी तेवढीच राहिली, की कव्हर फिल्मच्या दिशेला वळणारच. तीच पुस्तकं डिसेंबरात बरीचशी बसली, पण पार पूर्वीसारखी झाली नाहीत. कागद ओल घेतो त्याच वाटेने ती सोडत नाही.

म्हणून पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवा: कागद हा सतत पाणी पिणारा आणि सोडणारा माल आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असताना कागदात वजनाच्या ६ ते ८ टक्के पाणी असतंच. तुमचा सगळा माल धरला तर साधारण १०० टन होतो (हिशेब पुढे देतो). त्यात ओल फक्त १ टक्क्याने वाढली तर १ टन, म्हणजे १,००० लिटर पाणी तुमच्या गोडाऊनात कुठलंही छप्पर न गळता येऊन बसलं. आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीचं फावतं, आणि पेणला पावसाळ्यात ती दिवसेंदिवस ९०च्या घरात असते.

आता 'खेळती हवा' म्हणजे काय ते आकड्यांत बघा. २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असलेल्या एका घनमीटर हवेत सुमारे २४.५ ग्रॅम पाणी असतं. तीच हवा ५५ टक्क्यांवर हवी असेल तर १५ ग्रॅमच चालेल. म्हणजे बाहेरून आत येणारा प्रत्येक घनमीटर साडेनऊ ग्रॅम जास्तीचं पाणी घेऊन येतो. ४,००० चौरस फुटांच्या, ६ मीटर उंचीच्या शेडमध्ये सुमारे २,२०० घनमीटर हवा मावते. ती एकदा पूर्ण बदलली की २१ लिटर पाणी आत आलं. झडपा आणि टर्बो लावलेल्या शेडमध्ये ती तासाला कितीतरी वेळा बदलते. पावसाळ्याचे चार महिने तुमचं गोडाऊन डब्यासारखं बंद राहिलं पाहिजे. नोव्हेंबर ते मे या काळात बाहेरची हवा कोरडी असेल तेव्हा खुशाल उघडा. त्यासाठी भिंतीत उघडझाप होणाऱ्या, रबराची कड असलेल्या खिडक्या ठेवा, कायमच्या झडपा नकोत.

मी ४,००० चौरस फूट का म्हणतोय? कारण तुम्हाला ६,००० लागत नाहीत. डेमी आकाराचं, २०० पानांचं, ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागदाचं पेपरबॅक पुस्तक साधारण २३० ग्रॅम भरतं. अडीच लाख प्रती म्हणजे ५७-५८ टन. १,००० बाय १,२०० मिलिमीटरच्या पॅलेटवर (माल रचून उचलायच्या फळीवर) सव्वा मीटरपर्यंत थप्पी लावली तर सुमारे ४,००० प्रती आणि ९०० किलोच्या वर वजन बसतं. नुसत्या प्रती मोजल्या तर ६२-६३ पॅलेट पुरतात, पण प्रकाशकाचं गोडाऊन प्रतींवर आखायचं नसतं, शीर्षकांवर आखायचं असतं. ३०० शीर्षकांपैकी पूर्ण पॅलेट लागेल अशी फार तर ३०-४० असतील, बाकीच्यांच्या दोनशे, पाचशे, आठशे प्रती. पॅलेट अर्धे-पाऊण भरलेले राहतील असं धरून पुस्तकांना १२० आणि कागदाला ४० अशा १६० पॅलेटच्या जागा काढा. पॅलेटच्या उंच रॅकमध्ये एकावर एक तीन मजले केले की जमिनीवर ५४ जागा, त्याच्या अडीच-तीनपट मार्गिकांसह, अधिक माल उतरवायला आणि पार्सलं बांधायला मोकळी जागा. हे सगळं ३,००० चौरस फुटांत बसतं. ४,०००मध्ये पुढच्या काही वर्षांची वाढही बसते. उरलेले पैसे छपराच्या इन्सुलेशनवर आणि कोब्यावर घाला. शेडची एक आडवी भिंत पुढे वाढवता येईल अशी नटबोल्टची ठेवा, म्हणजे गरज लागेल तेव्हा ६,००० होईल.

आठशे-पाचशे प्रतींच्या शीर्षकांना पॅलेटपेक्षा साधे लोखंडी रॅक बरे, माणसाचा हात पोचेल एवढे, ७ फुटांपर्यंत. पार्सल १२-१५ किलोंच्या वर बांधू नका. माथाडी कामगार दिवसभर ते उचलणार असतो, आणि जड पार्सल दमलेल्या हातातून नेमकं कोपऱ्यावर पडतं. आडवी थप्पी लावताना कणे आलटूनपालटून ठेवा. कण्याकडे पुस्तक जाड असतं, सगळे कणे एकाच बाजूला आले की थप्पी कलते आणि खालच्या प्रती कायमच्या तिरक्या होतात.

वजनाबद्दल एक इशारा. भारतीय मानक ८७५च्या दुसऱ्या भागात सर्वसाधारण गोदामाच्या मजल्यासाठी साठवणीच्या दर मीटर उंचीला २.४ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, आणि कमीत कमी ७.५, असा भार धरलेला आहे (एक किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलोंचा भार). बरेच अभियंते हा आकडा उचलून मोकळे होतात. पण गच्च रचलेला कागद घनमीटरला ७०० ते ८०० किलो असतो, म्हणजे दर मीटरला ७-८ किलोन्यूटन. मार्गिकांची मोकळी जागा धरून सरासरी काढली तरी २.४ तोकडा पडतो. तुमच्या अभियंत्याला 'गोदाम' सांगू नका, 'कागद, घनमीटरला ८०० किलो' असं लिहून द्या. राहत्या घराचा मजला चौरस मीटरला २०० किलोंच्या हिशेबाने बांधलेला असतो. फ्लॅटच्या एका खोलीत छतापर्यंत पुस्तकं रचणाऱ्या आपल्या व्यवसायातल्या मित्रांनाही हे सांगा, मनापासून विनंती आहे.

पॅलेटच्या रॅकच्या पायांचं तर आणखी वेगळं. तीन मजल्यांपैकी खालचा जमिनीवर असला तरी वरचे दोन मजले, प्रत्येकी दोन पॅलेट, असं पावणेचार टन वजन एका चौकटीच्या दोन पायांतून उतरतं. तळहाताएवढ्या पट्टीवर जवळजवळ दोन टन. त्याखाली कोबा तडकला की रॅक कलला. पेण-वडखळ पट्ट्यात कित्येक जागा जुन्या भातशेतीच्या किंवा खाजणाच्या आहेत. वरून मुरूम टाकून सपाट केल्या की छान दिसतात आणि दोन पावसाळ्यांत बसतात. माती तपासणी केल्याशिवाय पायाचा एक खड्डाही खणू नका. भराव १५-२० सेंटिमीटरच्या थरांनी, प्रत्येक थर रोलरने दाबून. त्यावर २५० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद, जोड एकमेकांवर चढवून आणि चिकटवून, आणि वर जाळीसकट ट्रिमिक्स पद्धतीचा (ओल्या काँक्रीटमधलं जास्तीचं पाणी पंपाने ओढून घेतलेला) कोबा. प्लॅस्टिकच्या या थराला ठेकेदार नेहमी नाक मुरडतो. तो घातला नाही तर जमिनीतली ओल आयुष्यभर वर चढत राहते आणि नंतर त्याला उपाय नाही.

तयार जागा विकत किंवा भाड्याने घेताना मी एक चाचणी करतो, ती तुम्हीही करू शकता. दोन फुटांचा चौकोनी जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा घ्यायचा, फरशीवर पसरून चारी कडा टेपने गच्च चिकटवायच्या आणि सोळा ते चोवीस तास तसाच ठेवायचा. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या खालच्या बाजूला दव दिसलं किंवा कोबा काळसर पडला, तर ओल जमिनीतून येतेय. खाली कोरडं आणि वर थेंब असतील, तर दमट हवा थंड फरशीला लागून पाणी सोडतेय. पहिल्याला बांधकाम लागतं, दुसऱ्याला दार बंद ठेवणं लागतं. भिवंडीच्या एका गाळ्यात मालक तीन वर्षं छपराची डागडुजी करत होते. हा तुकडा लावला तेव्हा कळलं की पाणी खालून येत होतं.

जोतं रस्त्यापेक्षा निदान अडीच-तीन फूट उंच घ्या, पण त्याआधी गावातल्या जुन्या माणसांकडे जाऊन २००५च्या जुलैमध्ये पाणी कुठवर आलं होतं ते विचारा आणि त्यांनी दाखवलेल्या खुणेच्या वर जा. खाडीची भरती आणि घाटावरचा पाऊस एकत्र आले की इथे पाणी ओसरायला वाट मिळत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची पुस्तकं पाण्याखाली गेली. शंभरहून अधिक वर्षांच्या वाचनालयाचे ते ओले ढीग मला अजून विसरता येत नाहीत. भिजलेलं पुस्तक नुसतं ओलं होत नाही, ते फुगतं. फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ४ नोव्हेंबर १९६६ च्या पुरानंतर फुगलेली पुस्तकं शेल्फात अशी पाचरीसारखी रुतली होती की सहज बाहेर काढता येईनात. सगळ्यात खालचा कप्पा जमिनीपासून १५ सेंटिमीटर वर ठेवा आणि भिंतीपासून सगळीकडे दोन फूट मोकळे सोडा. फुगलेला माल भिंत रेटत नाही, आणि त्याच दोन फुटांतून दर आठवड्याला माणूस टॉर्च घेऊन फिरला की वाळवीची मातीची रेघ आणि उंदराच्या लेंड्या वेळीच दिसतात.

वाळवीसाठी बांधकामाच्या आधीच, भारतीय मानक ६३१३प्रमाणे, पायात आणि भरावात औषध फवारून घ्या. नंतर भोकं पाडून केलेलं काम तसं उतरत नाही. शेडभोवती मीटरभर रुंद सिमेंटचा पट्टा करा, त्याला लागून झाडं किंवा फुलझाडांच्या कुंड्या नकोत. लाकडी पॅलेट घेतले तर उष्णतेची प्रक्रिया केलेले, सुकलेले घ्या. ओल्या लाकडाचे स्वस्त पॅलेट म्हणजे खालच्या थराला पाणी आणि कीड दोन्ही फुकट. कसर आणि झुरळं कण्याच्या खळीवर येतात, त्यामुळे जेवणाचे डबे आत उघडायचे नाहीत, हा नियम मालकालाही लागू.

छपराकडे येतो. ठेकेदाराचे पारदर्शक पत्रे नकोत. उन्हाने आधी लाल आणि पिवळी शाई उडते, कणे फिके पडतात, न्यूजप्रिंट पिवळा होतो. उजेड दिव्यांनी द्या, आणि दिवे मार्गिकांवर असू द्या, थप्प्यांवर नकोत. उघडा पत्रा तर मुळीच नको. रात्री तो गार पडतो आणि आतल्या बाजूने घाम धरतो, पहाटे ते थेंब बरोबर वरच्या पार्सलांवर पडतात. दुपारी उलटं. मे महिन्यात पत्र्याखाली वरच्या रॅकवर तापमान ५०च्या आसपास जातं आणि परफेक्ट बाइंडिंगचा, म्हणजे पानं कण्याला चिकटवणारा, गरम गोंद नरमतो. थप्पीच्या वजनाखाली नरमलेला कणा वाकडा बसला की वाकडाच राहतो. त्यामुळे छपराला इन्सुलेशन हवंच. पफ (फोम भरलेले) पॅनेल स्वस्त पडतात, पण पफ जळतो. कागदाच्या गोडाऊनला रॉकवूलचे, म्हणजे न जळणाऱ्या दगडी तंतूंचे, पॅनेल घ्या, खर्च वाढला तरी. छप्पर साधं दुपाखी, वळचण तीन फूट बाहेर. दोन शेडच्या मधली आतली पन्हळ कधीही काढू नका, ती एकदा तुंबली की सगळं पाणी आत. आणि छपरावर सोलर पॅनेल लावायचे असतील तर पत्र्याला भोक न पाडणारी पकड वापरणाराच माणूस शोधा.

दाराला कोकणातली पडवी आठवून काम करा. घरात पडवी ओलांडल्याशिवाय माजघरात जाता येत नाही, तसं गोडाऊनला दोन दारांमधला एक टप्पा हवा. ट्रक १२-१५ फुटांच्या छपराखाली उभा राहणार, माल बाहेरच्या दारातून पडवीत येणार, ते दार बंद झालं की आतलं उघडणार. नुसतं रोलिंग शटर म्हणजे चाळणी आहे. त्याच्या फटींतून दमट हवाही येते आणि उंदराचं पिल्लूही. शटरला आतून रबरी कड असलेलं सरकतं दार जोडा. ट्रकमधून आलेला कागद पडवीत वेष्टनासकट एक दिवस ठेवायची सवय लावली तर आत नेताना त्याचं आणि गोडाऊनचं तापमान जुळतं.

एवढं केलं की एसीचं उत्तर आपोआप मिळतं: नको. गार कागद बाहेरच्या दमट हवेत आला की त्यावर दव धरतं, आणि छापखान्यात रिम उघडताच कडा लाटांसारख्या होतात, मशीनवर ताव नीट चालत नाही. तुम्हाला गारवा नकोय, कोरडेपणा हवाय. डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी उपसणारं यंत्र, घ्या. दारं-फटी नीट बंद असतील आणि तासाला हवेचा पाचवा हिस्सा गळतो असं धरलं, तर ४,००० चौरस फुटांना दिवसाला १०० लिटर पाणी उपसावं लागतं. ७०-७५ लिटरची दोन यंत्रं बसवा, म्हणजे एक बिघडलं तरी दुसरं काही दिवस धरून नेतं. दोन लिटरला एक युनिट असा खर्च धरा, दिवसाला ५० युनिटच्या आसपास. पाणी नळीने आपोआप बाहेर गेलं पाहिजे. बादली ठेवली तर रविवारी भरून यंत्र बंद पडणार. आकडा ५५ ते ६० वर लावा. ४५ वर लावणारे लोक उगाच वीज जाळतात. आणि भरलेलं गोडाऊन रिकाम्यापेक्षा संथ असतं. शंभर टन कागद स्वतःच स्पंजसारखा चढउतार सोसतो, एखाद्या दिवशी वीज गेली तर घाबरू नका. आठवडाभर ६५च्या वर राहिलं तर मात्र धावपळ करा.

आर्द्रतामापक चार घ्या. एक बाहेर, एक पडवीत, दोन आत, त्यातला एक लांबच्या कोपऱ्यात जमिनीलगत, कारण बुरशी तिथूनच सुरू होते. स्वस्त मापकं दहा-दहा टक्के चुकतात. तपासायला बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, त्यात थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, मापकासोबत हवाबंद पिशवीत ठेवा. दहा-बारा तासांनी मापक ७५ दाखवायला हवं. ७० दाखवत असेल तर त्याच्या आकड्यात नेहमी ५ मिळवायचे, आणि तसं त्याच्यावर मार्करने लिहून ठेवायचं.

आता स्प्रिंकलर. ते चुकून सगळे एकदम सुटतील ही भीती सिनेमातून आलीय. प्रत्येक तोटीत काचेची छोटी नळी असते, नेहमीची लाल असेल तर तिथली हवा ६८ अंशांना पोचल्यावर ती फुटते, आणि तेवढीच एक तोटी चालू होते. धुराने ती उघडत नाही. एका तोटीतून मिनिटाला शंभर लिटरच्या आसपास पाणी येतं. ती नसेल तर तुमच्या पुस्तकांवर अग्निशमन दलाचा पाइप चालणार, त्याचं पाणी कितीतरी पट आणि तेही उशिरा. भिजलेलं पुस्तक पहिल्या दोन दिवसांत हाताळलं तर वाचवता येतं, अडीच-तीन दिवसांत बुरशी धरते. जळलेल्याचं काही करता येत नाही. एक किलो कागदात साधारण १६-१७ मेगाज्यूल उष्णता असते. हिशेब केला तर ४० किलो कागद म्हणजे घरगुती गॅसच्या एका भरलेल्या सिलिंडरएवढी आग. तुमच्याकडे १०० टन आहे.

मिटलेलं पुस्तक गच्च थप्पीत सावकाश जळतं. आग पसरवतात ते सुटे ताव, पुठ्ठे, श्रिंकरॅपचं प्लॅस्टिक आणि बांधणीच्या टेबलाखालचा कचरा. म्हणून पार्सलं बांधायची जागा मुख्य साठ्यापासून दोन तास आग अडवणाऱ्या भिंतीने वेगळी करा. विजेचा मुख्य बोर्ड पडवीत, पॅलेट ट्रकची बॅटरी चार्ज करायची ती बाहेर, छपाईची रसायनं या इमारतीत नकोतच. पुढे कधी रील (कागदाच्या मोठ्या गुंडाळ्या) ठेवलीत तर लक्षात घ्या, उभ्या रीलच्या उंच रांगांमधली फट धुराड्यासारखी काम करते आणि बाहेरचे थर सुटून जळत वर जातात. तेव्हा स्प्रिंकलरचा हिशेब नव्याने करून घ्यावा लागेल. सध्याच्या मालासाठीही तोटीखाली निदान दीड फूट मोकळं राहिलं पाहिजे, मोठ्या थेंबांच्या खास तोट्या असतील तर तीन फूट. भिंतीवर लाल रेघ मारून ठेवा आणि दिवाळी अंकांच्या गर्दीतही तिच्यावर थप्पी जाऊ देऊ नका. महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे परवानाधारक संस्थेकडून जानेवारी आणि जुलैमध्ये तपासणीचा 'ब' नमुना भरायचा असतो. त्या दिवशी स्वतः हजर राहा आणि पंप डोळ्यांसमोर चालू करायला लावा.

काम कधी सुरू करायचं हेही ठरवून घ्या. पाया आणि भराव डिसेंबरपर्यंत, कोबा जानेवारीत, छप्पर मार्चअखेर. ताज्या काँक्रीटमधलं पाणी बाहेर पडायला निदान दोन-तीन महिने कोरडी हवा मिळाली पाहिजे. मे अखेर घाईघाईने कोबा ओतून जूनमध्ये माल भरलात, तर पहिल्या पावसाळ्यात तुमचा कागद तुमच्याच जमिनीचं पाणी पिईल. वेळ कमी पडत असेल तर पुण्यातली जागा आणखी एक पावसाळा चालू ठेवा आणि नवं गोडाऊन रिकामं, यंत्रं लावून, मापकांची रोजची नोंद ठेवत चालवून बघा. त्या वहीतले जून ते सप्टेंबरचे आकडे, मातीचा अहवाल आणि ठेकेदाराचा सुधारित नकाशा मला पाठवलात तर रॅकची मांडणी आपण त्यावरूनच ठरवू.